टेक्स्चरायझर लावावा की केस आहेत तसेच सांभाळावे? आफ्रिकी वळणाच्या केसांसाठी एक तुलना

अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत कृष्णवर्णीय जावई किंवा सून आली आहे, तिथे मुलगी वयात येऊ लागली की केसांचा प्रश्न उभा राहतोच. आमच्याकडे तो सध्या ऐन भरात आहे. सासूबाईंनी जन्मभर रिलॅक्सर, म्हणजे रसायनाने केस कायमचे सरळ करणारं मलम, लावला. नणंदेने कॉलेज संपल्यावर तो सोडला, आता तिचे केस जसे उगवतात तसेच असतात. माझ्या मुलीला यातलं काहीच नको. तिला कुरळेपणा हवा, पण जरा सैल. म्हणजे टेक्स्चरायझर. माझे स्वतःचे केस सरळ, आईने तेल लावून घट्ट वेण्या घालून वाढवलेले. त्यामुळे या विषयातलं मला जे कळतं ते या दोघींकडून, सलूनमधल्या बायकांकडून आणि वाचून कळलेलं आहे.

माझं मत आधीच सांगते. विंचरताना होणाऱ्या रडारडीला कंटाळून कुणी टेक्स्चरायझरकडे वळत असेल, तर आधी धुण्या-विंचरण्याची पद्धत बदलून बघावी. सैल कुरळे केस दिसायला आवडतात म्हणून वळत असेल, तर ते कारणही खरं आहे, पण त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. ही दोन कारणं एकत्र केली की चुकीच्या दुखण्यावर औषध होतं.

त्रास वळणाचा की पद्धतीचा?

या केसांचं मूळच टाळूच्या आत वाकडं असतं आणि केस आडवा कापला तर गोल नव्हे, चपटा-लंबगोल दिसतो. म्हणून तो उगवतो तोच वळत वळत. टाळूतून सुटणारं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज ओघळतं, इथे ते पहिल्या काही वळणांतच अडकतं. टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, ही तक्रार त्यातूनच येते. शिवाय प्रत्येक वळण ही केस तुटण्याची जागा. केस वाढत नाहीत असं वाटतं, पण ते वाढत असतात. खालून तुटतात आणि वाळताना आक्रसतात, इतके की ओढून पाहिलं तर खांद्याखाली येणारी बट एरवी कानापाशीच दिसते.

आता आपल्याकडची पद्धत बघा. कोरड्या केसांना खोबरेल चोपडायचं, बारीक दातांची फणी घ्यायची आणि मुळापासून खाली ओढायची. सरळ केसांना हे चालतं. या केसांत प्रत्येक ओढीला तुटण्याचा आवाज येतो आणि मुलगी कळवळते. नणंदेने मला शिकवलं ते याच्या अगदी उलट आहे. केस ओले हवेत, त्यांत निसरडा कंडिशनर भरपूर हवा. डोक्याचे सहा-आठ भाग करायचे आणि एका वेळी एकच भाग सोडायचा. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने गुंता काढायचा, तोही टोकापासून वर मुळाकडे सरकत. धुणं आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा. ओलसर केसांवर धुवून न टाकायचा कंडिशनर, त्यावर शिया बटरसारखं घट्ट क्रीम. पाणी आधी, तेल नंतर, कारण तेल ओलावा देत नाही, आहे तो धरून ठेवतं. मग प्रत्येक भागाचे दोन पेडी पीळ घालायचे आणि रात्री सॅटिनची टोपी घालून झोपायचं. सुती उशी ओलावा शोषून घेते आणि केस घासून तोडते.

याला वेळ लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या घरी त्यात सुट्टीच्या दिवसाचा मोठा भाग जातो. पण एकदा पीळ घातले की पुढचे कित्येक दिवस फणीला हात लावायची गरज नसते. रोजची रडारड ही रोज विंचरण्यातून येत होती, आणि हे केस रोज विंचरायचेच नसतात.

टेक्स्चरायझर म्हणजे काय

दुकानात रिलॅक्सर आणि टेक्स्चरायझर हे दोन वेगवेगळे डबे दिसतात, पण आतलं रसायन एकाच घराण्यातलं असतं. केसाचा आकार केराटिन या त्यातल्या प्रथिनामधल्या गंधकाच्या बंधांनी धरलेला असतो. रिलॅक्सरमधला सोडियम हायड्रॉक्साइड ते बंध तोडतो आणि त्यांच्या जागी वेगळे बंध तयार होतात, जे पुन्हा पूर्ववत होत नाहीत. सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तो कॉस्टिक सोडाच. मलमाचा पीएच 13च्या आसपास असतो. टेक्स्चरायझर म्हणजे तेच काम कमी वेळ किंवा जरा सौम्य मात्रेत, अर्ध्यावर थांबवलेलं. 'नो-लाय' लिहिलेल्या डब्यांत बहुधा ग्वानिडिन हायड्रॉक्साइड असतं. त्यात कॉस्टिक सोडा नसतो, पण ते तितकंच दाहक अल्कली आहे, टाळू त्यानेही भाजते. वर त्यातलं कॅल्शियम केसांवर साचतं आणि कोरडेपणा वाढवतं. ज्या कोरडेपणाला कंटाळून मुलगी इथवर आली, तोच पदरात पडतो.

अर्ध्यावर थांबवणं ही इथली खरी अडचण. मानेजवळचे केस, कपाळाकडचे केस, मधले केस, सगळ्यांची जाडी आणि वळण वेगळं, त्यामुळे एकाच वेळेत कुठे वळण सुटतं, कुठे तसंच राहतं. दोन-चार मिनिटं जास्त झाली की सैल कुरळ्यांऐवजी निर्जीव, अर्धवट सरळ केस हातात येतात. हातात काय येईल ते धुवून वाळेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही, अनुभवी बाईलाही. म्हणून आतल्या एका बटेवर आधी प्रयोग केल्याशिवाय पूर्ण डोक्याला हात लावू देऊ नये.

आणि मग येतात नवीन केस. साधारण 8 ते 12 आठवड्यांत मुळाशी मूळच्या वळणाचे केस दिसू लागतात आणि पुन्हा लेप घ्यावा लागतो, तोही फक्त नव्या केसांना. रिलॅक्सर लावलेल्या डोक्यावर जुनं-नवं यांची सीमा स्पष्ट दिसते, कारण एक सरळ आणि दुसरं कुरळं. टेक्स्चरायझरमध्ये दोन्ही कुरळेच, म्हणून सीमा धूसर. लेप जुन्या केसांवर चढतो, ते आणखी सुटतात, कमजोर होतात. हळूहळू डोकं पूर्ण रिलॅक्सरकडेच सरकतं. 'मधला मार्ग' म्हणून घेतलेल्या निर्णयाचं असं काही काळाने होतं, हे विकणारे सांगत नाहीत.

वेळ आणि पैसा

धुताना गुंता कमी होतो, हे टेक्स्चरायझरचं यश प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. केस कमी आक्रसतात, लांबी दिसते, सकाळी आवरणं सोपं जातं. पण सांभाळण्याचं काम संपत नाही. रसायन लागलेल्या केसांना खोल कंडिशनिंग, अधूनमधून प्रथिनांचा लेप, सॅटिनची टोपी, जपून विंचरणं हे सगळं लागतंच. वर सलूनच्या ठरलेल्या फेऱ्या येतात आणि त्या चुकल्या तर जुन्या-नव्याच्या सांध्यावर केस तुटतात. नैसर्गिक केसांचा खर्च बाटल्यांत आणि वेळेत जातो, टेक्स्चरायझरचा सलूनमध्ये. शिकलेली बोटं घरात असतील तर पहिला पर्याय स्वस्त पडतो, नसतील तर दोन्ही महागच.

परत फिरायचं ठरलं तर नैसर्गिक केसांपासून कुठेही जाता येतं. टेक्स्चरायझरपासून मागे यायला दोनच वाटा: सगळे प्रक्रिया केलेले केस कापून टाकणं, किंवा वर्ष-दोन वर्षं दोन प्रकारचे केस एकाच डोक्यावर सांभाळत हळूहळू टोकं कापत राहणं. रिलॅक्सर सोडताना नणंदेने दुसरी वाट घेतली आणि मध्येच कंटाळून पहिली धरली.

शरीराचा प्रश्न

इथे मी सर्वात जास्त थांबते, कारण मुलगी माझी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या 'सिस्टर स्टडी'त, म्हणजे जिच्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता अशा स्त्रियांच्या दीर्घ अभ्यासात, 33,497 जणींची माहिती तपासली गेली. ते निष्कर्ष ऑक्टोबर 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरलेल्या स्त्रियांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण अंदाजे 1.64 टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत 4.05 टक्के निघालं. पुढच्याच वर्षी बोस्टन विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अभ्यासातही दीर्घकाळ रिलॅक्सर वापरणाऱ्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांत धोका वाढलेला दिसला. हे संबंध दाखवणारे अभ्यास आहेत. रिलॅक्सर लावला की कर्करोग होतोच असं ते म्हणत नाहीत, आणि 4 टक्के म्हणजे शंभरातल्या शहाण्णव जणींना तो होत नाही.

तरी एक तपशील सोडू नका. 'वारंवार' याचा त्या अभ्यासातला अर्थ होता वर्षात चारपेक्षा जास्त वेळा. आता 8 ते 12 आठवड्यांनी होणारी टेक्स्चरायझरची फेरी वर्षाला किती वेळा होते ते मोजा. चार ते सहा. सौम्य म्हणून घेतलेली गोष्ट वेळापत्रकामुळे त्याच गटाच्या उंबरठ्यावर जाऊन बसते. टाळू भाजली किंवा खरचटलेली असेल तर रसायन आत शिरायला वाव आणखी वाढतो.

केराटिन ट्रीटमेंट हा सुरक्षित पर्याय म्हणून सुचवला जातो. त्यातल्या अनेक द्रावणांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड सुटतो, जो कर्करोगकारक म्हणून सिद्ध आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2023 मध्ये अशा उत्पादनांवर बंदीचा प्रस्ताव आणणार असं जाहीर केलं, पण तारीख पुढे ढकलली गेली. मी तो पर्याय यादीतूनच काढला आहे.

दिसणं, शाळा, नोकरी

सासूबाईंच्या पिढीला कमी लेखू नये. 1954 मध्ये शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी पुरुषांसाठी अल्ट्रा वेव्ह हा रिलॅक्सर काढला, नंतर त्यांचीच अल्ट्रा शीन स्त्रियांपर्यंत पोचली. त्याआधी निखाऱ्यावर तापवलेली लोखंडी फणी होती. बँकेच्या काउंटरवर उभं राहायचं तर केस सरळ हवेत, हा त्या काळचा न लिहिलेला नियम होता, आणि त्या नियमात राहून सासूबाईंनी घर चालवलं, मुलं शिकवली.

आज निदान कायदा बाजूने आहे. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने क्राउन कायदा केला, केसांच्या नैसर्गिक घडणीवरून भेदभाव करायला बंदी घातली. त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीनेही केला. टेक्सासमध्ये तो 2023 मध्ये लागू झाला, तरी तिथल्या एका शाळेने केसांच्या लांबीच्या नियमाखाली एका कृष्णवर्णीय मुलाला महिनोन्‌महिने वर्गाबाहेर ठेवलं आणि न्यायाधीशांनी शाळेचा नियम वैध ठरवला. त्यामुळे मुलीला शाळेत काही ऐकावं लागत असेल, तर केस बदलण्याआधी आपल्या राज्यातला कायदा वाचा आणि मुख्याध्यापकांना भेटा.

दिसण्याचंच कारण असेल तर रसायनाशिवायही बरंच जमतं. ओल्या केसांचे पीळ वाळवून सोडले की सैल लाटा मिळतात, काही दिवस टिकतात. सिल्क प्रेसने, म्हणजे धुवून, वाळवून, इस्त्रीने सरळ केल्याने, पुढच्या धुण्यापर्यंत केस सरळ राहतात, मात्र उष्णता जास्त झाली तर वळण कायमचं बिघडतं. बॉक्स ब्रेड्स, म्हणजे डोक्यावर चौकोनी भाग पाडून घातलेल्या बारीक वेण्या, सहा-आठ आठवडे सकाळ वाचवतात, पण घट्ट घातल्या तर कपाळाकडचे केस मुळासकट जातात आणि दीर्घकाळ असं झालं तर परत येत नाहीत. वेण्या घालून घरी आल्यावर डोकं ठणकत असेल तर त्या सोडवाव्या, दिलेल्या पैशांकडे बघू नये.

मुलीला मी इतकंच सांगितलंय की अठरा वर्षांची होईपर्यंत रसायन नाही, तोवर पीळ, वेण्या, हवं तर बारीक कापलेले केस, तिला जे आवडेल ते. त्यानंतर डोकं तिचं. तेव्हाही तिला टेक्स्चरायझर हवाच असला तर मी सोबत जाईन.

हवाच असेल तर

घरी डबा आणून करू नका, आणि डब्यावर लहान मुलींचे फोटो असले तर मुळीच नाही. अशा केसांवर रोज काम करणारी परवानाधारक बाई शोधा. तिला विचारा: कोणतं हायड्रॉक्साइड, किती मिनिटं, टाळूला आधी संरक्षक मलम लावणार का, शेवटी उरलेलं रसायन निकामी करणारा शाम्पू वापरणार का. आधीचे तीन-चार दिवस केस धुऊ नका, टाळू खाजवू नका. वेण्या नुकत्याच सोडवल्या असतील तर दोन आठवडे थांबा. लेप असताना जळजळ सुरू झाली तर लगेच धुवायला सांगा, सोसत बसू नका. फेऱ्यांमधलं अंतर जितकं वाढवता येईल तितकं वाढवा.

आणि सुट्टीत पुण्याला किंवा मुंबईला आल्यावर कुणी मावशी-आत्या प्रेमाने 'एकदा रिबाँडिंग करून टाक' म्हणाली तर थेट नाही म्हणा. आपल्याकडचं रिबाँडिंग आणि स्मूदनिंग बहुधा थायोग्लायकोलेट या वेगळ्या रसायनावर चालतं. हायड्रॉक्साइड लावलेल्या केसांवर ते चढलं की केस मुळापासून तुटून हातात येतात. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या मुलींनाही हीच सूचना, क्रम उलटा असला तरी: आधी रिबाँडिंग झालं असेल तर तेवढे केस कापून जाईपर्यंत हायड्रॉक्साइडचा डबा उघडू नये. पार्लरमध्ये गेल्यावर पूर्वी काय लावलं होतं ते स्वतःहून सांगा, कारण तिथे हा प्रश्न विचारला जाईलच असं नाही.