वरुड भागातली ॲल्युमिनियम ओतशाळा: मिश्रण चोख, भट्टीवर लक्ष हवं

फवारणी पंपाचं हाऊसिंग किंवा थ्रेशरचा बेअरिंग ब्रॅकेट ऐन हंगामात फुटला आणि नवा मिळत नसला, तर वरुड-मोर्शी भागातल्या या लहान ओतशाळेत तो ओतून घ्यावा. इथं भंगार सरसकट मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) जात नाही, हे पहिलं कारण. एलएम-२५ या ओतकामाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे इनगॉट (तयार विटा) घेतात, म्हणजे ७ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन. जुने पिस्टन बाजूला काढतात, कारण त्यातल्या तांब्यामुळे पाण्यात राहणारा भाग लवकर गंजतो. लोखंडी रिंग असलेला पिस्टन मुशीत पडला तर आणखी वाईट: लोखंड विरघळून थंड होताना सुयांसारखे ठिसूळ कण बनतात आणि तडा तिथूनच धरतो. पळी आणि सळईला लेप लावलेला असतो, तोही याचसाठी.

खरं कसब ग्रॅमच्या हिशोबात आहे. ५० किलोच्या हीटमध्ये (एका वेळी वितळवलेल्या धातूत) मॅग्नेशियम ०.२० वरून ०.३५ टक्क्यांवर न्यायला ७५ ग्रॅम लागतं. जळून जाणारं धरून ९० ग्रॅमच्या आसपास घालतात. ते वर तरंगून पेटतं, म्हणून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून घंटीनं (दांड्याला लावलेल्या भोकाच्या वाटीनं) तळाशी दाबतात. १० टक्के स्ट्रॉन्शियमचा मास्टर ॲलॉय (ॲल्युमिनियममध्ये आधीच मिसळलेलं स्ट्रॉन्शियम) १०० ग्रॅम, म्हणजे ०.०२ टक्के स्ट्रॉन्शियम. एवढ्यानं सिलिकॉनच्या धारदार पट्ट्या बारीक, गोलसर होतात आणि भाग एकदम मोडण्याऐवजी आधी थोडा वाकतो. धातूचा दाणा बारीक करणारी टायटॅनियम-बोरॉनची कांडी सगळ्यात शेवटी, १०० ग्रॅम. त्यातले कण तळाला बसतात, म्हणून ढवळून लगेच ओततात.

वितळलेल्या धातूतला गॅस, म्हणजे हायड्रोजन, काढायचं काम मात्र या सगळ्याच्या आधी. क्लोरीनच्या गोळ्या नंतर टाकल्या तर त्या मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियम दोन्ही ओढून मळीत नेतात. हा क्रम इथं पाळतात. पावसाळ्यात फ्लक्स (धातू साफ करायची पूड) आणि इनगॉट वाळवूनच घ्यायला सांगा. ओलाव्यातून हायड्रोजन शिरला की आत बारीक छिद्रं राहतात, आणि स्ट्रॉन्शियम घातलेल्या धातूत तो त्रास जास्त जाणवतो.

कमी पडतात ते उष्णोपचारात, म्हणजे ओतलेला भाग तापवून कडक करण्यात. मॅग्नेशियमचा फायदा तिथंच मिळतो: ५३५ अंशांच्या आसपास ८ तास, लगेच गरम पाण्यात बुडवणं, मग १६५ अंशांना ८ ते १० तास. इथल्या भट्टीत एकच थर्मोकपल (तापमान मोजायची तार) आहे आणि भाग एकमेकांवर रचतात, त्यामुळे एकाच लॉटमध्ये कडकपणा सारखा येत नाही. भट्टीतून टाकीपर्यंत नेण्यात वेळ गेला तर मॅग्नेशियम-सिलिकॉन वाटेतच मोठ्या कणांत बाहेर पडतं, आणि पुढचे तास वाया. मधे लाइट गेली तर घड्याळ चालूच ठेवतात, हे चूकच. तापमान परत आल्यावर उरलेले तास पूर्ण करून घ्यायला हवेत.

म्हणून ऑर्डर देतानाच ब्रिनेल कडकपणा (गोळी दाबून मोजलेला आकडा) लिहून घ्या. ओतलेला भाग तसाच असेल तर ५५ ते ६५, पूर्ण उपचारानंतर ९० ते ११०. त्याच हीटमधून ओतलेली टेस्ट बार, म्हणजे चाचणीची कांडी, मागा. मिश्रणाचीच शंका असेल तर नागपूरजवळ वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, तिथं तपासणी होते. भार न येणाऱ्या झाकणांसाठी उष्णोपचाराचे पैसे देऊ नका. ब्रॅकेट आणि पुलीसाठी मात्र तो करूनच घ्या, आणि भाग भट्टीत सुटे ठेवायला लावा.