नाजूक कातडीच्या चिंगीसाठी पिसवा-गोचिडींची गोळी : नऊ महिन्यांनंतर

आमच्या कुत्रीला, चिंगीला, महिन्यातून एकदा चघळायची गोळी सुरू करून आता नऊ महिने झाले. गोळीतलं औषध अफॉक्सोलॅनर. त्याआधी दीड वर्षभर पहिल्यांदा कातडीवर टाकायचे थेंब, मग वेगळे थेंब, मग गळ्यातला औषधी पट्टा असं चाललं होतं आणि दर वेळी तिची कातडी लालभडक व्हायची. ज्यांच्या कुत्र्याची कातडी अशी हळवी आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

आम्ही फिप्रोनिलच्या थेंबांपासून सुरुवात केली. टाकले की दुसऱ्या दिवशी खांद्यांच्या मधोमध चट्टा उठायचा. ती मागच्या पायाने खाजवून तो ओला करायची आणि आठवड्याभरात तिथले केस जायचे. हे औषध कातडीवरच्या तेलात मिसळून अंगभर पसरतं, म्हणून थेंबांच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ घालायची नसते, आणि सारख्या अंघोळीनेही त्याचा जोर ओसरतो. चिंगीला तर डॉक्टरांनी औषधी शांपूने आठवड्यातून दोनदा अंघोळ सांगितलेली! अंघोळ घातली की थेंब वाया, टाळली की चट्टा चिघळणार. त्रास औषधाचाच असेल असं नाही, ते ज्या द्रावात विरघळवलेलं असतं तोही झोंबू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. दुसरे थेंब आणून पाहिले, तेच झालं. (घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले थेंब आणूच नका. मांजराला ते जिवावर बेततं.) इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिनचा पट्टा आठ महिने चालतो म्हणून आशेने बांधला, दहाव्या दिवशी गळ्याभोवती लाल कडं दिसलं तेव्हा काढून टाकला.

या सगळ्यात माझी एक मोठी चूक होत होती. तिची सगळी खाज औषधामुळेच आहे असं मी धरून चालले होते. पण ती सर्वांत जास्त चावायची ते शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागे. तिथे ना थेंब पडत होते ना पट्टा लागत होता. डॉक्टरांनी तिच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवली, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवले, आणि कणांभोवती तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पचलेलं रक्त. चिंगीला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी निघाली. अशा कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात, अंगावर पिसू दिसलीच पाहिजे असं नाही. चट्ट्यांच्या भीतीने मी मधले दोन महिने सगळंच बंद ठेवलं होतं, तेव्हाच तिची कातडी सर्वांत वाईट झाली होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग पोटातून द्यायचं औषध ठरलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते तिला कधी फिट आली आहे का. अफॉक्सोलॅनरच्या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं, फिट येणं असे त्रास होतात, आणि २०१८ साली अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेने) तसा इशारा दिला आहे. चिंगीला तसा इतिहास नव्हता. दुसरा प्रश्न खाण्याच्या ॲलर्जीचा. चघळायच्या गोळ्यांना मांसाची चव दिलेली असते, त्यामुळे खाणं बदलून ॲलर्जी शोधणं चालू असेल तर गोळी सगळा हिशेब चुकवते. हे आधी बोलून घ्या.

पहिल्या गोळीनंतर संध्याकाळी एक उलटी झाली आणि ती दिवसभर मलूल होती. दुसऱ्या महिन्यापासून जेवणाबरोबर दिली, नंतर काही झालं नाही. मात्र पिसवा जवळजवळ दोन महिने दिसत राहिल्या आणि मी गोळीवरच शंका घेऊ लागले होते. कारण घरात होतं. अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकी अंडी, अळ्या आणि कोश अंथरुणात, गालिच्यात, फटीत पडलेले असतात. कोशावर फवारणीचाही फारसा परिणाम होत नाही, आतली पिसू आठवडेच्या आठवडे थांबून मग बाहेर येते. म्हणून तिचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुणं, सोफ्याच्या खालून व्हॅक्यूम फिरवणं आणि त्यातला कचरा लगेच घराबाहेर टाकणं हे तीन महिने नेमाने केलं. गोळीइतकंच श्रेय मी याला देईन. शेपटीवरचे केस चौथ्या महिन्यात परत आले.

गोचिडींबद्दल मात्र अपेक्षा नीट ठेवा. ही गोळी त्यांना दूर ठेवत नाही. औषध रक्तात असतं, गोचीड चावली की मगच मरते, आणि त्याला दोन दिवसही लागू शकतात. गोचीड-तापाचा धोका त्यामुळे पूर्ण जात नाही. मी रोज फिरून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या, काखा आणि गळपट्ट्याखाली हात फिरवते. सापडलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढते. रॉकेल किंवा काडी लावणं नको. खाण्यातून लसूण देण्याचा सल्लाही मला बऱ्याच जणांनी दिला, पण लसूण कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी मोडतो. आमच्या घरी तो तिच्या वाटीत कधीच जाणार नाही.

गोळीचा आकार वजनाप्रमाणे ठरतो. सहाव्या महिन्यात चिंगी ९.७ वरून १०.४ किलोवर गेली आणि गोळी बदलावी लागली, म्हणून आता देण्याआधी दर वेळी वजन करते.

बारा आठवडे चालणारी फ्लुरालॅनरची गोळीही आहे, तारीख विसरणाऱ्यांना ती सोपी. मी तिच्यावर जाणार नाही. काही बिघडलंच तर औषध अंगात तीन महिने राहणार, आणि चिंगीसारख्या कुत्रीच्या बाबतीत मला पुढच्या महिन्यात थांबता येण्याची मोकळीक हवी आहे.