जेवणाऐवजी शेक: पाण्यातला की दुधातला?

लातूर, नांदेड, संभाजीनगरात वजन घटवायचे शेक पाजणाऱ्या सकाळच्या ‘क्लब’मध्ये मिळणारा ग्लास आणि घरी न्यायचा 500 ग्रॅमचा डबा, आतली पावडर बहुधा एकच. व्हॅनिला बरी लागते, आंबा नकली. पण चवीसाठी हे कोणी घेत नाही.

डब्यामागचा तक्ता वाचा. साधारण 26 ग्रॅम पावडर पाण्यात कालवली तर 90 ते 100 कॅलरी आणि 9 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. त्यात पाण्याऐवजी 250 मिली टोन्ड दूध घातलं की कॅलरी 240 पर्यंत जातात. जेवणाची जागा घेणाऱ्या पेयात कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान 200 कॅलरी लागतात. क्लबात मात्र सर्रास पाण्यातलाच ग्लास हातात देतात. बशीभर पोहे त्याहून भारी.

सकाळ-संध्याकाळ असा शेक आणि दुपारी दीड भाकरी, वरण, भाजी, एवढ्यावर दिवस 650 ते 700 कॅलरींत संपतो. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात टाइप 2 मधुमेहींना रोज 825 ते 853 कॅलरी दिल्या होत्या, त्याही 3 ते 5 महिनेच. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आधी थांबवल्या होत्या, देखरेख कायम होती. वर्षाअखेर 46 टक्के लोकांची साखर गोळ्यांविना आटोक्यात होती, दोन वर्षांनी 36 टक्के. फायदा खरा आहे, पण तो त्या शिस्तीतला. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू ठेवून पाण्यातला शेक घेणाऱ्याची साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते.

महिनोन्महिने असंच चाललं तर त्रास कुठून सुरू होतो? आहारात स्निग्धांश फार कमी पडला की पित्ताशय पुरतं आकुंचन पावत नाही, पित्त साचतं, आणि वजन झपाट्यानं उतरत असेल तर खडे होतात. केस दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात, तेव्हा शेकवर संशयही येत नाही. प्रथिनं कमी, व्यायाम नाही, मग चरबीबरोबर स्नायूही जातात. बद्धकोष्ठता तर ठरलेलीच: 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत 5 ग्रॅम तंतू असतात, डब्यातल्या एका मापात बहुधा त्याहून कमी.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे रक्तातली साखर झटकन वाढवणारं पिष्ट, वरच्या दोन-तीन नावांत दिसलं तर मधुमेह्यांनी डबा परत ठेवावा. सुक्रालोज असेल तर एवढं लक्षात असू द्या, की वजन आटोक्यात ठेवायला असे गोडवे वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सुचवलं आहे. थायरॉइडची गोळी आणि सोया-कॅल्शियमवाला शेक यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. किडनीचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं, यांत हा डबा आणूच नका.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात डबा गॅसजवळच्या फळीवर ठेवू नये; ओला चमचा गेला की गोळे होतात. दुधातला शेक बाटलीत भरून दुपारपर्यंत शेतात किंवा ऑफिसात नेलात तर नासतो. पावडर कोरडी न्या, दूध तिथंच घ्या.

आमचा निकाल: दिवसातून एकदा, दुधात, फार तर तीन महिने, तेही डॉक्टरांना सांगून. क्लबाच्या वार्षिक सभासदत्वाला पैसे भरू नका.