एक्सेलचे अ‍ॅनालिसिस टूलपॅक: अनोव्हा करता येतो, पण आकडा बदलला की सावध

अनोव्हा म्हणजे अनेक गटांच्या सरासऱ्यांत खरा फरक आहे का, हे तपासणारी चाचणी. एक्सेलच्या टूलपॅक या पूरक जोडणीत ‘अनोव्हा: सिंगल फॅक्टर’ निवडा, रेंज द्या, तक्ता तयार. गट लहानमोठे असले तरी अडत नाही. खोट वेगळीच आहे. तक्ता गोठलेला असतो. मूळ आकडा दुरुस्त केला तरी एफ (गटांमधला फरक भागिले गटांतर्गत फरक) आणि पी (खरा फरक नसताना एवढा मोठा एफ येण्याची शक्यता) जुनेच राहतात, विश्लेषण पुन्हा चालवावे लागते.

हे किती महागात पडू शकते, पाहा. तीन गट घ्या: (४, ५, ६), (६, ७, ८) आणि (८, ९, १०). एफ १२, पी ०.००८. शेवटच्या १० जागी १९ टाइप झाले, तर तिसरी सरासरी ९ वरून १२ होते. सरासऱ्या आणखी लांब गेल्या, तरी एफ ३ वर घसरतो, पी ०.१२५! कारण गटांमधला वर्गमध्य (फरकांच्या वर्गांची बेरीज भागिले स्वातंत्र्यमात्रा) १२ वरून ३९ झाला, पण गटांतर्गत १ वरून थेट १३. याउलट सगळ्याच आकड्यांत ५ मिळवा किंवा सगळे १० ने गुणा, एफ हलत नाही.

त्यापेक्षा सूत्रे लिहिलेली बरी. डेव्हएसक्यू हे सूत्र सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज देते. प्रत्येक गटाच्या डेव्हएसक्यूंची बेरीज म्हणजे गटांतर्गत वर्गबेरीज. ती एकूण डेव्हएसक्यूमधून वजा केली की गटांमधली मिळते. दोन्ही आपापल्या स्वातंत्र्यमात्रांनी भागा (गटांमधलीसाठी गटसंख्या वजा १, गटांतर्गतसाठी एकूण नोंदी वजा गटसंख्या), गटांमधल्या वर्गमध्याला गटांतर्गत वर्गमध्याने भागले की एफ, आणि पीसाठी एफ.डिस्ट.आरटी हे सूत्र. हा तक्ता आकड्यांबरोबर बदलतो.

नेमके कोणते गट वेगळे आहेत हे सांगणारी, टुकीसारखी पुढची चाचणी टूलपॅकमध्ये नाही. दोन घटकांच्या ‘टू-फॅक्टर विथ रेप्लिकेशन’ला घटकपातळ्यांच्या प्रत्येक जोडीत सारख्याच नोंदी लागतात; एखादी गळली असेल तर सरळ आर ही सांख्यिकीची संगणकभाषा वापरा.