तीनशे ओहमचा हेडफोन आणि लॅमिंग्टन रोडवरच्या सामानातून उभा राहिलेला ॲम्प: नऊ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबरपासून हा ॲम्प, म्हणजे हेडफोनला जोर देणारा ॲम्प्लिफायर, माझ्या टेबलावर आहे. रोज दीड-दोन तास वापर, रविवारी जास्त. एक पावसाळा अर्धा काढून झालाय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी हेडफोनबद्दल. सेनहायझरचा एचडी ६००. डिझाइन १९९७ सालचं, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ३०० ओहम, मागून उघडा. घेतला तो बाबांच्या कॅसेटींसाठी. बाबांनी तरुणपणी गिरगाव-दादरकडच्या घरगुती बैठका साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवल्यात आणि मी त्या आता एकेक करून कॉम्प्युटरवर घेतोय. माइक सतरंजीच्या कडेला, गाणारा लांब, लेव्हल जपून ठेवलेली. आजकालची गाणी थेट फोनवरूनही या हेडफोनवर बऱ्यापैकी वाजतात. बाबांच्या कॅसेटी मात्र आवाज पूर्ण वर नेला तरी शेजारच्या बिऱ्हाडात कोणी गातंय अशा येत होत्या. माटुंग्याला आमची खिडकी रुळांच्या बाजूला. विलंबित ख्यालाची सुरुवात लोकलच्या खडखडाटात वाहून जायची.

बजेट बारा हजार ठरवलं आणि पहिल्याच खरेदीत चुकलो. खोक्यावर मोठ्या अक्षरात वॉट छापलेले होते, ते बघून एक छोटा ॲम्प घेतला. नाव लिहीत नाही. आवाज फोनपेक्षा जेमतेम वाढला. तो आकडा ३२ ओहमवरचा होता आणि ३०० ओहमवर किती मिळेल ते कुठेच दिलेलं नव्हतं. दुकानदाराने परत घेतला नाही, तेव्हा तो ऑफिसातल्या एका मित्राला कमी किमतीत दिला. त्याच्या ३२ ओहमच्या हेडफोनवर तो छान चालतो.

जास्त ओहमच्या हेडफोनला करंट थोडा लागतो, व्होल्टेज जास्त लागतं. एचडी ६०० चा कंपनीने दिलेला आकडा एका व्होल्टला ९७ डेसिबल. मैफलीतली जोराची तान किंवा तबल्याची थाप अशा क्षणिक शिखरांना ११० डेसिबलपर्यंत जागा हवी असं धरलं, तर वरचे १३ डेसिबल म्हणजे साडेचार पट व्होल्टेज. म्हणजे साडेचार व्होल्ट. त्या वेळी वाहणारा करंट फक्त १५ मिलिॲम्पिअर आणि पॉवर ६७ मिलिवॉट. एक वॉटचा अख्खा दहावा हिस्सासुद्धा नाही! पण साडेचार व्होल्ट हवेतच, आणि फोनला हेडफोन जोडायचा माझा छोटा डोंगल एका व्होल्टवर थांबतो. बायरडायनॅमिकचा ६०० ओहमचा डीटी ८८० असेल तर हिशेब फार वेगळा येत नाही, चार व्होल्टच्या जरा खाली. त्यामुळे विकणाऱ्याला एवढंच विचारा की ३०० ओहमवर क्लिप न होता, म्हणजे आवाज न फाटता, किती व्होल्ट मिळतात. उत्तर देता आलं नाही तर पुढे चला.

मध्यंतरी एका स्नेह्यांनी आपला ट्यूबचा ॲम्प महिनाभर वापरायला दिला. दिसायला देखणा आणि आवाज भरपूर. तबल्याचा बायाँ त्यावर भरीव वाटायचा, आणि खरं सांगतो, मला तो आवडला होता. मग कारण शोधलं. त्या ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे बाहेरच्या टोकाला त्याचा स्वतःचा अडथळा, शंभर ओहमच्या घरात. एचडी ६०० चा इम्पिडन्स सगळीकडे ३०० राहत नाही, खर्जाच्या बाजूला शंभर हर्ट्झच्या आसपास तो पाचशेच्या वर चढतो. मधे शंभर ओहम बसले की व्होल्टेजची वाटणी बदलते आणि तेवढाच पट्टा सुमारे एक डेसिबल वर येतो. ज्याला ते आवडतं त्याने खुशाल घ्यावा. मला कॅसेटींवरून आवाजाचे निर्णय घ्यायचे होते, म्हणून मी तो परत केला. शिवाय लॅपटॉपचा चार्जर लावला की त्यात घूं असा आवाज यायचा.

शेवटी ओ-टू नावाचा, स्वतः जोडायचा ॲम्प ठरवला. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंजिनिअरने २०११ मध्ये हा आराखडा मोजमापांसकट सगळ्यांसाठी खुला केला. २०१२ मध्ये त्याचं लिखाण थांबलं, आणि तो कोण हे त्याने कधीच उघड केलं नाही. आउटपुटला एनजेएम ४५५६ हे साधे ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणाऱ्या चिप), इम्पिडन्स अर्धा ओहम, आणि आत ९ व्होल्टच्या दोन रिचार्जेबल बॅटऱ्या बसतात. वीजपुरवठ्यावर सात व्होल्टपर्यंत स्वच्छ आउटपुट मिळतं. मला हवे होते साडेचार.

कोरा सर्किट बोर्ड एका ओळखीच्यांकडे पडून होता. बाकी सामानासाठी तीन शनिवार ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला. रेझिस्टर, कपॅसिटर, ७८१२ आणि ७९१२ रेग्युलेटर लगेच मिळाले. अडलं अडॅप्टरपाशी. या ॲम्पला एसी (सतत दिशा बदलणारी वीज) आउटपुटचा अडॅप्टर लागतो, कारण धन आणि ऋण दोन्ही बाजू त्या एकाच एसीतून काढलेल्या आहेत. दुकानोदुकानी बारा व्होल्टचे सीसीटीव्हीचे डीसी (एकाच दिशेच्या विजेचे) अडॅप्टर पुढे करत होते. चौथ्या दुकानातले काका म्हणाले, “अडॅप्टर विसरा. पंधरा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या, डबीत बसवा, फ्यूज टाका.” तेच केलं. २३० व्होल्टच्या बाजूचं काम मात्र मी स्वतः केलं नाही, बिल्डिंगमधल्या वायरमनकडून करून घेतलं. तुम्हीही तिथे हात घालू नका. बोर्डावरचे डाग देणं (सोल्डरिंग) दोन संध्याकाळींत उरकलं. सगळा खर्च चार हजारांच्या आत.

पहिल्याच आठवड्यात तानेच्या टोकाला आवाज फाटायला लागला. माझा डाग कच्चा राहिला असेल म्हणून अख्खा बोर्ड भिंगाखाली पाहिला. बोर्डात दोष नव्हता. ओ-टूमध्ये गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) आधी आणि आवाजाचा पॉट (कमी-जास्त करायची खुंटी) नंतर आहे. गेनच्या बटणाला दोन जागा, अडीच पट आणि साडेसहा पट. टेबलावरचा माझा डॅक (कॉम्प्युटरमधल्या डिजिटल आवाजाचा सिग्नल करून देणारी डबी) दोन व्होल्ट देतो. त्याला साडेसहाने गुणलं की तेरा होतात, आणि ॲम्पची धाव सातपर्यंतच. मग पॉट कितीही खाली आणा, फाटलेला आवाजच लहान होऊन येतो. दोन व्होल्टच्या डॅकला अडीचचा गेन लावला की पाच व्होल्ट, एका व्होल्टच्या डोंगलला साडेसहाचा लावला की साडेसहा. तेव्हापासून एकदाही फाटला नाही. कुठलाही ॲम्प घेताना गेन पॉटच्या आधी आहे की नंतर, हे पाहून घ्या.

आवाजाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, आणि याच कारणासाठी तो मला आवडतो. स्वतःचं काही घालत नाही. हेडफोन लावून पॉट पूर्ण वर नेला तरी मागे शांतता. कॅसेटची सूं स्पष्ट कळते, आणि तिच्या खालचा तानपुराही. बाबा रविवारी चहा झाला की येऊन बसतात. एका बैठकीत मागे कोणीतरी हळूच दाद देतं, ते ऐकून त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “परत लाव,” म्हणाले. तीन वेळा लावलं. तो आवाज त्यांच्या थोरल्या भावाचा होता. काका जाऊन एकोणीस वर्षं झाली.

त्रास दोन-तीन आहेत. इनपुट, आउटपुट आणि पॉवर तिन्ही जॅक पुढच्याच पट्टीवर, त्यामुळे टेबलावर वायरींचा गुंता होतो. आउटपुट साडेतीन मिलिमीटरचं, आणि हेडफोनचा जाड प्लग धातूच्या कन्व्हर्टरसकट लोंबकळत ठेवला तर जॅक ढिला होणार, म्हणून वायरीचा आखूड कन्व्हर्टर लावलाय. बॅटरीवर मला सहा-सात तास मिळतात, पण तेव्हा व्होल्टेज कमी असतं. मंद आवाजात रात्री ऐकायला ते पुरतं, मोठ्या शिखरांसाठी मी वीजपुरवठ्यावरच ठेवतो. पॉट अगदी खाली असताना डावी बाजू किंचित मोठी येते, नऊच्या काट्यापुढे सारखी होते.

एवढी जागा हाताशी आली की आवाज नकळत चढवला जातो, हे मात्र मनापासून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास अशी आहे, आणि आवाज चढला की ती झपाट्याने खाली येते. मी पॉटवर पांढरी खूण केलीय, बाबांच्या कॅसेटी सोडल्या तर तिच्या पुढे जात नाही.

डाग देण्याचा सराव नसेल तर शीट कंपनीचा मॅग्नी किंवा जेडीएस लॅब्जचा ॲटम हे तयार ॲम्प बघा. एचडी ६०० ला दोन्ही पुरून उरतात. बाहेरून मागवलात तर कस्टमचे पैसे आधीच बजेटमध्ये धरा, आणि अडॅप्टर २३० व्होल्टचा आहे ना ते तपासा.

जुलैच्या दमट हवेत पॉट फिरवताना बारीक खरखर यायला लागलीय. नवा पॉट आणायला येत्या शनिवारी ग्रँट रोडला जायचंय. अजून एकोणतीस कॅसेटी बाकी आहेत.