कीटकांचे जीनोम डेटाबेस: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

कीटकनाशक पचवायला मदत करणारे सायटोक्रोम पी४५० जीन्स हा माझा विषय, त्यामुळे फ्लायबेस (फळमाशीचा डेटाबेस), व्हेक्टरबेस (डासांसारख्या रोग पसरवणाऱ्या कीटकांचा), आयबीटल-बेस (भुंग्याचा) आणि एनसीबीआय (सगळ्याच जीवांचा) हे टॅब दिवसभर उघडेच असतात.

फ्लायबेसला तोड नाही, हे आधीच सांगतो. ड्रोसोफिलाचा (फळमाशीचा) एखादा जीन शोधला की म्युटंट्स, स्टॉक्स (प्रयोगासाठी मिळणाऱ्या माश्या), कुठल्या टिश्यूत किती एक्सप्रेशन (म्हणजे जीन किती चालू), पेपर्स, सगळं एकाच पानावर, आणि ते माणसांनी पेपर वाचून भरलंय म्हणून भरवसा वाटतो. तिथलं आयडी व्हॅलिडेटर तर मला फार आवडतं, जुन्या पेपरमधली जीन्सच्या आयडींची यादी टाकली की सध्याच्या आयडी लगेच मिळतात.

पण माशी सोडून दुसऱ्या किड्याकडे गेलात की जपून. तिथले बरेचसे जीन मॉडेल (जीन कुठून कुठपर्यंत आहे याचे आराखडे) सॉफ्टवेअरने बनवलेले असतात, आणि पी४५० जीन्स जीनोमवर एकमेकांना खेटून, दिसायलाही सारखेच, मग सॉफ्टवेअर शेजारचे दोन जीन जोडून एकच लांबलचक जीन करून टाकतं किंवा असेंब्ली (तुकडे जोडून बनवलेला जीनोम) तुटकी असेल तर एकाचे दोन तुकडे. त्यावरून आरएनएआयसाठी (जीन बंद करायच्या पद्धतीसाठी) डीएसआरएनए (दुपदरी आरएनए) डिझाइन केला तर तो भलत्याच जीनवर जाऊन बसणार. म्हणून मी आधी जेब्राउजमध्ये (जीनोम डोळ्यांनी बघायचं साधन) आरएनए-सीकचे रीड्स (पेशीतल्या आरएनएचे वाचलेले तुकडे) एक्सॉनवर (जीनच्या आरएनएत टिकणाऱ्या भागांवर) नीट बसतात का ते बघतो आणि मगच तो जीन उचलायचे प्राइमर बनवतो. आयफाइव्हके वर्कस्पेसमध्ये (कीटकांच्या जीनोमची एक साइट) अपोलो हे एडिटर वापरून चुकलेलं मॉडेल आपणच दुरुस्त करता येतं ही मला खूप मोठी गोष्ट वाटते, वेळ जातो पण पुढच्यांचा वाचतो.

एडिस इजिप्तीवाल्यांनी (डेंग्यू पसरवणाऱ्या डासावर काम करणाऱ्यांनी) जीनोमचं व्हर्जन बघितल्याशिवाय काही करू नका. २००७ चा जीनोम हजारो तुकड्यांत होता, २०१८ च्या एएईजीएल५ या व्हर्जनमध्ये तो ३ क्रोमोसोमवर बसवला, त्यामुळे जुने कोऑर्डिनेट्स (जीनोमवरच्या जागांचे आकडे) नव्यावर चालत नाहीत.

ट्रायबोलियमसाठी (पिठातला लाल भुंगा) आयबीटल-बेस बघाच, जीन बंद केल्यावर अळीत काय बिघडलं ते फोटोंसकट दिसतं.

एका छोट्या डेटाबेसवर मात्र राग आहे, नाव घेत नाही. डाउनलोडची लिंक बंद, ब्लास्ट (सारखे सिक्वेन्स शोधायचं साधन) कधी चालतो कधी नाही, आणि मेलला उत्तर नाही. अशा डेटाबेसचं ग्रँट संपलं की असंच होतं, म्हणून कामाची जीएफएफ (जीन्सच्या जागांची) आणि प्रोटीन फास्टा (प्रोटीन सिक्वेन्सची) फाइल पहिल्याच दिवशी उतरवून घ्या आणि फाइलच्या नावात व्हर्जन व तारीख टाका.