सहा महिने रोज, की बारा आठवडे आठवड्यातून एकदा?

एचआयव्हीसह जगणाऱ्या एका ताईंनी विचारलं: टीबी होऊ नये म्हणून गोळ्या घ्यायच्या आहेत, सहा महिन्यांचा कोर्स घेऊ की तीन महिन्यांचा? खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम यांपैकी काहीही असेल तर आधी टीबीची तपासणी. सक्रिय टीबीत हे डोस अपुरे पडतात आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

नियमितपणा: सहा महिन्यांच्या कोर्समध्ये आयसोनियाझिड ही गोळी रोज, म्हणजे सुमारे १८० डोस. तीन महिन्यांच्या कोर्समध्ये तेच औषध रिफापेंटिन या दुसऱ्या औषधासोबत आठवड्यातून एकदा, म्हणजे फक्त १२ वेळा. छोटा कोर्स जास्त लोक पूर्ण करतात, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा मुद्दा.

त्रास: आयसोनियाझिडने यकृताला इजा होऊ शकते, हातापायांना मुंग्या येतात, म्हणून सोबत बी-६ जीवनसत्त्व. साप्ताहिक कोर्समध्ये यकृताचा त्रास कमी, पण काहींना डोसनंतर फ्लूसारखा ताप येतो. लघवी नारिंगी होते, घाबरू नका.

इतर औषधं: इथे नीट बघा. रिफापेंटिन अनेक औषधांचा असर कमी करतं. डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध रोज ५० मिग्रॅ घेणाऱ्यांना साप्ताहिक कोर्स चालतो. अटाझानाविर, लोपिनाविर किंवा नेव्हिरापिन यांपैकी एचआयव्हीचं औषध असेल तर नाही. गर्भनिरोधक गोळ्यांवरही भरवसा ठेवू नका, निरोध वापरा.

खर्च: सरकारी केंद्रात मोफत.

डोल्युटेग्राविर चालू असेल, रोजची आणखी एक गोळी जड जात असेल, तर साप्ताहिक. दुसऱ्या फळीची औषधं (एचआयव्हीची पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावर देतात ती) किंवा गर्भारपण असेल, तर आयसोनियाझिडबद्दल एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्रातल्या डॉक्टरांशी बोला.